पार्श्वभूमी : ‘अधोरेखित’ की ‘हायलाइट’?

गोव्यातल्या कोणत्याही मराठी दैनिकाचे आतले पान उघडा. उद्घाटन रस्त्याचे असो की रक्तदान शिबिराचे, पाहुण्यांनी कशाची ना कशाची गरज ‘अधोरेखित’ केलेली असतेच. तेच पाहुणे व्यासपीठावरून खाली उतरले की बातमीदाराला सांगतात, ‘तेवढा रस्त्याचा मुद्दा हायलाइट करा हां.’ छापतो तो संस्कृत शब्द, बोलतो तो इंग्रजी. यातला खरा मराठी कोणता, यावर इथल्या भाषाप्रेमी मंडळींत अधूनमधून खटके उडतात. माझ्या मते हा वाद दोन परक्यांमधला आहे. एकाने सोवळे नेसले आहे, इतकाच फरक.

मराठीला एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा तर क्रियापद शोधत बसावे लागत नाही. ‘पाणी हवे’ आणि ‘पाणी हवेच’ यांत फरक एका अक्षराचा. हा ‘च’ कोकणीतही आहे, त्यामुळे घरात कोकणी आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या गोमंतकीयाला तो वेगळा शिकावा लागत नाही. शिवाय ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ दिमतीला आहेतच. क्रियापदच हवे असेल तर भर देणे, ठासून सांगणे, बजावणे आहे. ‘जोर देणे’ही आहे, पण ‘जोर’ फारसीतून आला, हे शुद्धतेची बाजू घेणारे सोयीस्करपणे विसरतात.

लिखाणातली खूण वेगळी होती. पोथी लिहिणारा शीर्षकाला आणि समाप्तीला हिंगुळाची लाल शाई वापरी, किंवा ‘उवाच’सारख्या शब्दांवर गेरूचा हात फिरवी. पिवळा रंग नेमक्या उलट कामाचा. चुकलेल्या अक्षरावर हरताळ हे पिवळे खनिज लावून ते झाकून टाकत, ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पोर्तुगीज काळाबद्दल या विषयापुरते सांगण्यासारखे थोडेच. छापखाना इथे 1556 मध्ये आला. 1616 मध्ये राशोलला मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले तेही रोमी अक्षरांत, आणि लिहिणारे पाद्री जन्माने इंग्रज. पण त्यांच्याबरोबर इंग्रजी क्रियापदे काही आली नाहीत. पोर्तुगीजमध्ये ‘सुब्लिन्यार’ म्हणजे शब्दाखाली रेघ ओढणे, आणि मुद्द्यावर भर देणेही. लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, तिथे शिकलेल्यांना तो ठाऊक असणारच. रेजिदोर (गावचा अधिकारी) आणि कुमुनिदाद (गावच्या सामायिक जमिनीची संस्था) हे शब्द गावोगाव राहिले, ‘सुब्लिन्यार’ मात्र वहीतून बाहेर पडून बोलीत आल्याचे दिसत नाही.

खरी गोष्ट सुरू होते 19 डिसेंबर 1961 नंतर, गोवा मुक्त झाल्यावर. कचेऱ्यांतली पोर्तुगीज गेली आणि तिच्या जागी इंग्रजी बसली. दुसरीकडे गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, 1962 मध्ये मराठी दैनिक सुरू झाले. म्हणजे वाचक मराठीचा आणि फाइल इंग्रजीची. या दोहोंच्या मध्ये बसला उपसंपादक. संध्याकाळी इंग्रजी पत्रकांचा गठ्ठा यायचा, प्रत्येकात कोणीतरी काहीतरी ‘स्ट्रेस’, ‘अंडरलाइन’ किंवा ‘हायलाइट’ केलेले, आणि पान सोडायला तास उरलेला. एका टेबलावर नवख्या मुलाने ‘पाहुण्यांनी स्वच्छतेवर ताण दिला’ असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. कोशात ‘स्ट्रेस’पुढे ताण होता, त्याचा काय दोष? व्याकरणाच्या पुस्तकात बघितले असते तर ‘आघात’ मिळाला असता आणि पाहुण्यांनी स्वच्छतेवर आघात केला असता.

‘अधोरेखित’ने ही अडचण सोडवली. अधः अधिक रेखित, संधी चोख. शब्द भारदस्त, आणि इंग्रजी ‘अंडरलाइन’शी अक्षरशः जुळणारा. पण तो बेतला कशावर? इंग्रजीत ‘अंडरलाइन’ आधी खरोखरची रेघ होती, भर देण्याचा लाक्षणिक अर्थ त्याला नंतर चिकटला. रोमन अक्षरांना खालची बाजू बहुतेक मोकळी, तिथे रेघ सुखाने बसते. देवनागरीची रेघ मुळातच डोक्यावर. खाली उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरे. ‘मृत्यू’ किंवा ‘कुटुंब’ लिहून खाली रेघ ओढून पाहा, ती उकाराच्या अंगावरून जाते. छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळात तर अशी रेघ म्हणजे जुळाऱ्याला शिक्षाच. मराठी छपाईने भर दाखवला तो ठळक टाइपाने, आणि ठळक बातम्या, ठळक मुद्दे, ठळक वैशिष्ट्ये तर आपल्याकडे आहेतच. हाताशी ‘ठळक’ असताना आपण शिरोरेखेच्या लिपीत अधोरेखा आणली. तिचे सोबतीही बघा : अधोगती, अधोमुख, अधःपात.

याहून मला खटकते ती वाक्याची घडण. ‘गरज अधोरेखित केली’ इथपर्यंत ठीक, गरजेखाली रेघ ओढली असे समजू. पण आता ‘रस्ते रुंद व्हायला हवेत, असे त्यांनी अधोरेखित केले’ असे सर्रास छापतात. म्हणजे ‘म्हणाले’ऐवजी ‘अधोरेखित केले’. इंग्रजी पत्रकाचा सांगाडा उचलून त्यावर धोतर गुंडाळलेले. ‘रस्ते रुंद व्हायलाच हवेत, असे ते म्हणाले’ यात एक ‘च’ सगळे काम करून जातो, आणि जागाही वाचते.

‘हायलाइट’ची वाट निराळी. 17व्या शतकात तो चित्रकारांचा शब्द होता, चित्रातला सर्वांत उजळ भाग. क्रियापद म्हणून तो 19व्या शतकात वापरात आला. 1963 मध्ये अमेरिकेत त्याच नावाचा पारदर्शक शाईचा पेन निघाला आणि 1971 मध्ये जर्मनीत चकाकत्या रंगाचा. आपल्याकडे तो आधी विद्यार्थ्यांच्या दप्तरात, मग संगणकाच्या पडद्यावर, मग पार्लरमध्ये केसांवर पोचला. क्रिकेटच्या हायलाइट्सना मराठीने ‘क्षणचित्रे’ असा सुरेख शब्द दिला, क्रियापदाच्या वाट्याला तसे काही आले नाही. मराठीने त्याला आपल्या नेहमीच्या रिवाजाने ‘करणे’ लावले, कोकणीने ‘करप’. इंग्रजी क्रियापद मराठीत थेट चालत नाही, त्याला आधी नाम व्हावे लागते. नाम असलेल्या ‘जोर’लाही असाच ‘देणे’चा आधार लागला होता.

आणि गोव्यात भर कुठे द्यायचा, हा नुसता व्याकरणाचा प्रश्न कधीच नव्हता. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा संमत झाला. त्यात देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर होईल असे म्हटले. त्या ‘मराठीचाही’मधल्या ‘ही’वर तेव्हापासून वाद आहे. एका बाजूला तो बरोबरीचा दर्जा वाटतो, दुसऱ्या बाजूला पाठीमागून दिलेली सवलत. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘ऑल्सो’ आहे. त्यालाही स्वतःचे फारसे वजन नाही, वाचणारा देईल तेवढे.

या कलमाच्या दोन झेरॉक्स प्रती मी पाहिल्या आहेत, दोन विरुद्ध बाजूंच्या माणसांकडे. एकीवर ‘ऑल्सो’ हा शब्द हायलाइट केलेला, दुसरीवर त्याआधीचे कोकणीचे पोटकलम. पेन दोघांचाही पिवळाच. जुन्या पोथीलेखकाच्या हाती त्या प्रती दिल्या असत्या, तर तेवढा मजकूर रद्द झाला असे समजून त्याने तो गाळून बाकीची नक्कल उतरवली असती.