राख तीच, आकडा बदलला

२४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री इथियोपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख गुजरातवर पोचली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बडोद्याच्या ग्रुपवर "कपडे गच्चीत टाकू नका, ॲसिडचा पाऊस येतोय" सुरू झालं. एका काकूंनी तर शनीलाही त्यात ओढलं. अहो, राख होती विमानं उडतात तेवढ्या उंचीवर, तुमच्या गच्चीचा काय संबंध, आणि शनीचा तर त्याहून नाही!

विमानांचा मात्र आहे. ही चुलीतली राख नव्हे, दगड आणि काचेचा बारीक भुगा असतो. साधारण ११०० अंशांना तो मऊ पडतो आणि जेट इंजिनात इंधन जळतं तिथे त्याहून बरंच जास्त तापमान असतं, म्हणजे आत शिरलेला भुगा वितळतो, पुढे टर्बाइनवर जाऊन चिकटतो, तिथे काचेचा थर धरतो, हवेची वाट अडते आणि इंजिन गुदमरून बंद. १९८२ मध्ये इंडोनेशियावर ब्रिटिश एअरवेजच्या जम्बोची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती. विमान नुसतं तरंगत खाली आलं, गार झालेली काच तडकून निघाली आणि इंजिनं परत चालू! रडारवर काहीच दिसलं नव्हतं, कारण विमानातलं रडार पाण्याचे थेंब शोधतं, कोरडी राख त्याला कळत नाही.

आता जगात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं आहेत, इथियोपिया फ्रान्समधल्या तुलूझच्या वाट्याला. पण ती फक्त राख कुठे आहे ते सांगतात, आकाश बंद करायचं की नाही हे ज्याचं त्याचं सरकार ठरवतं. खरी गंमत इथेच आहे. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख युरोपवर आली तेव्हा नियम एकच, राख असेल तिथे जायचं नाही. किती राख चालते हे इंजिनवाल्या कंपन्यांनी तोवर ठामपणे सांगितलंच नव्हतं, मग कुठला अधिकारी सही करणार? एकामागून एक देशांनी आकाश बंद केलं, जवळपास लाखभर उड्डाणं रद्द. २० एप्रिलला ब्रिटनने ठरवलं, घनमीटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालेल. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत साखरेचे दोन-चार दाणे. कालपर्यंत जे संकट होतं त्यातलं बरंचसं त्या एका आकड्याने पुसलं गेलं!

आपल्याकडे यावेळी आकाश बंद केलंच नाही, विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने विमान कंपन्यांना राखेचे पट्टे टाळायला सांगितलं, काही उड्डाणं रद्द झाली आणि २५ च्या संध्याकाळी ढग चीनकडे निघाला.