मेसोथेलिओमा: साधी गाठ आणि कॅन्सर

फुफ्फुसं, पोटातले अवयव आणि हृदय यांच्यावर एक पातळ ओलसर अस्तर असतं, त्याच्या पेशींतून उठणाऱ्या कॅन्सरला मेसोथेलिओमा म्हणतात. बहुतेक केसेस फुफ्फुसाच्या आवरणातल्या म्हणजे प्लुरातल्या असतात, त्याखालोखाल पोटाच्या आवरणातल्या, आणि हृदय किंवा अंडकोषाच्या आवरणातल्या अगदीच क्वचित. हा फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हे, आणि सिगारेटमुळेही होत नाही.

मग 'बिनाइन' म्हणजे साधा, कॅन्सर नसलेला मेसोथेलिओमा हा काय प्रकार आहे? जुन्या रिपोर्टांत आणि पुस्तकांत हे नाव सर्रास सापडतं. प्लुराच्या ज्या गाठीला ते लावायचे तिला आता सॉलिटरी फायब्रस ट्युमर म्हणतात, कारण ती अस्तराच्या पेशींतून येतच नाही, खालच्या जोडऊतीतून येते, आणि ॲस्बेस्टॉस या तंतूंच्या खनिजाशी तिचा काही संबंध नाही. ती एकटी असते, पुष्कळदा देठावर लोंबते, कधीकधी एवढी मोठी होते की श्वास कोंडतो, आणि काही पेशंटमध्ये तर ती इन्सुलिनसारखं काम करणारं द्रव्य सोडते त्यामुळे डायबिटीस नसतानाही शुगर धडाधड खाली येते. बहुतेकदा ऑपरेशनने काम भागतं, पण काही गाठी परत येतात म्हणून फॉलोअप सोडायचा नाही. अस्तरातूनच येणाऱ्या खरोखर साध्या गाठीही आहेत, जननेंद्रियांजवळची ॲडेनोमॅटॉइड गाठ हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. सगळे मेसोथेलिओमा कॅन्सरच असं धरून २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'मॅलिग्नंट' म्हणजे कॅन्सरचा हे विशेषणच काढून टाकलं, तेव्हा नुसतं मेसोथेलिओमा लिहिलंय, मॅलिग्नंट लिहिलेलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नये.

कॅन्सरवाल्याचं मुख्य कारण ॲस्बेस्टॉस. तंतू श्वासातून आत जातात, प्लुरापर्यंत पोचतात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत, सूज वर्षानुवर्षं चालू राहते आणि आजार दिसतो तो साधारण २० ते ५० वर्षांनी, म्हणजे माणूस रिटायर होऊन घरी बसल्यावर. १९६० साली वॅग्नर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या भागातल्या ३३ केसेस छापल्या तेव्हा हा संबंध ठळकपणे पुढे आला, आणि त्यात खाणीत कधीच काम न केलेले, नुसते आसपास राहिलेले लोकही होते. कामगारांचे धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा झालेला आहे. तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या काही गावांत एरिओनाइट नावाच्या दगडातल्या तंतूंनी तेच केलं. बीएपी१ या जीनमधला बिघाड काही घराण्यांत चालत येतो, त्यांनाही धोका जास्त.

सुरुवात धाप, छातीत एका बाजूला दुखणं आणि छातीत पाणी अशी होते. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच डोक्यात येतो, आणि ते चूकही नाही, टीबी आहेच तेवढा. पण पाणी काढूनही परत परत भरत असेल आणि पेशंटने पूर्वी ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात, ब्रेक लायनिंगच्या कामात किंवा जहाजतोडणीत नोकरी केली असेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. नुसत्या पाण्याच्या तपासणीवर बहुधा भागत नाही, दुर्बिणीतून प्लुराचा तुकडा घ्यावा लागतो. सुजेने वाढलेलं अस्तर आणि कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली फार सारखे दिसतात, म्हणून पेशी खाली चरबीत घुसल्यात का, बीएपी१ प्रोटीन गायब आहे का हे बघतात.

उपचारात पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची जोडी अमेरिकेत २००४ पासून, तर निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारी औषधं, २०२० पासून मान्य आहे. पेशींचा एपिथेलिऑइड प्रकार त्यातल्या त्यात बरा, सार्कोमॅटॉइड सगळ्यात वाईट. पूर्ण बरं होणं विरळाच.

ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये ॲस्बेस्टॉस बंद केलं. भारतात पांढरं ॲस्बेस्टॉस अजून आयात होतं आणि सिमेंटच्या पत्र्यांत जातं. छपरावर शाबूत असलेला पत्रा तेवढा धोक्याचा नाही, खरा धोका तो कापताना, ड्रिल मारताना, फोडताना उडणाऱ्या धुळीत. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय की ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तिथपर्यंत जपायचं.