रॅलीसाठी बदललेली जुनी स्पोर्ट्स कार खान्देशात आणताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

‘१९६५ ची एमजीबी, ऐतिहासिक रॅलीसाठी पूर्ण तयार, रोल केज बसवलेला, इंजिन नव्याने बांधलेले, कागद क्लिअर.’ अशी जाहिरात वाचून हात खिशाकडे जाणे साहजिक आहे. (एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार; रोल केज म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा.) पण कोणते कागद क्लिअर आहेत, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने काढलेली खास ‘व्हिंटेज’ नोंदणी गाडी मूळ रूपात असावी अशी अट घालते. रॅलीसाठी गाडी तयार करायची म्हणजे मात्र तिच्यात बदल करणे आलेच. म्हणून आपल्या दारात येणारी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, साध्या नोंदणीवर चालवायची, की फक्त ट्रेलरवरून स्पर्धेला न्यायची, हे सौदा ठरण्याआधीच पक्के करावे लागते.

व्हिंटेज नोंदणी कोणाला मिळते

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए पासून पुढचे नियम घातले गेले. त्यांच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. मोजणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून होते, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली यावरून नव्हे. १९७५ मध्ये पहिल्यांदा नोंदलेली गाडी २०२५ मध्ये पात्र झाली. गाडी खासगी, बिगर व्यापारी वापराची हवी. शिवाय ती मूळ रूपात जपलेली हवी: चेसीस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

अर्ज परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये करायचा. सोबत विमा पॉलिसी आणि शुल्क. भारतात आधी नोंदलेली गाडी असेल तर जुने आरसी बुक. थेट परदेशातून आणली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये. राज्याने नेमलेला नोडल अधिकारी अर्ज हाताळतो, समिती गाडी तपासते. मंजुरी मिळाली की नमुना २३ए मध्ये प्रमाणपत्र येते. त्यासाठी ६० दिवसांची मुदत नियमातच आहे. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. ज्यांच्या गाडीवर १९८९ च्या आधीचा, एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा तीन अक्षरी नंबर आहे, त्यांना तोच नंबर ठेवता येतो. माझे मत विचाराल तर तो ठेवाच. जुन्या गाडीवरचा जुना नंबर हा तिच्या इतिहासाचा भाग आहे आणि पुढे विकतानाही त्याला मान मिळतो.

नोंदणी १० वर्षे टिकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल, तसेच या कामांसाठीचे जाणे-येणे, एवढ्यालाच मुभा आहे. पावसाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाटात फिरून यायचे, घरच्यांना पाटणादेवीला न्यायचे असा बेत असेल, तर व्हिंटेज नोंदणी तुमच्यासाठी नाही.

बदल कुठवर चालतात

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. एमजीबीचेच उदाहरण घेऊ. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिला वेगळी चेसीस नाही, बॉडी शेल हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअरला वेल्डिंग करून रोल केज बसवला असेल, तर तो थेट शेलमधला फेरफार ठरतो. नटबोल्टचा केज काढून ठेवता येतो. तरीही बोल्टसाठी कुठे भोके पाडली आहेत, पट्ट्या कुठे जोडल्या आहेत, हे लिफ्टवर गाडी उचलून बघा. इंजिन मुळात १७९८ सीसीचे. रॅलीसाठी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवून ते १९५० सीसीपर्यंत नेण्याची पद्धत आहे, आणि मग आरसीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष इंजिन जुळत नाही. सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनाचा क्रमांक १८जी किंवा १८जीए ने, १९६४ च्या अखेरीस आलेल्या पाच बेअरिंगच्या इंजिनाचा १८जीबी ने सुरू होतो. १९६३ च्या गाडीत १८जीबी दिसले, तर इंजिन कधीतरी बदलले गेले आहे. बदलले म्हणजे गाडी वाईट असे नाही, पण त्याची नोंद आरसीवर आहे का, ते विचारा.

उघड्या एमजीबीचा गाडी क्रमांक सुरुवातीच्या वर्षांत जीएचएन ३ ने आणि बंद टपाच्या जीटीचा जीएचडी ३ ने सुरू होतो. तो बॉनेटखाली रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो, आणि रिव्हेटची पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावता येते. म्हणून इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवून घ्या. कारखान्याच्या नोंदवहीतून ते बनवले जाते. त्यात गाडी कधी बनली, मूळ इंजिन क्रमांक कोणता, रंग कोणता, कुठे रवाना झाली हे असते. आपल्या कोणत्याही अर्जात ते सक्तीचे नाही. तरी समितीसमोर मूळ रूपाचा मुद्दा निघाला तर यापेक्षा भक्कम कागद हाती नसतो.

साध्या नोंदणीवरही मोकळे रान नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. जो फेरफार झाला तो १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचा असतो. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. सम्पगार्ड (इंजिनाच्या तळाखालचा संरक्षक पत्रा), जादा दिवे, ऑइल कूलर, मूळ जुळ्या एसयू कार्बोरेटरऐवजी वेबर कार्बोरेटर ही कामे उलटवता येतात. काढलेले मूळ भाग विकणाऱ्याकडे असतील, तर ते सौद्यात लिहून घ्या. गाडीपेक्षा ते भाग मिळवणे पुढे अवघड जाते.

साध्या नोंदणीत १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर असतो. २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये वाढले: मोटारीला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. एमजीबीसारखी परदेशी गाडी घेणाऱ्याने हा खर्च दर पाच वर्षांनी येणार हे धरूनच किंमत बोलावी.

गाडी नावावर करताना

खान्देशातल्या माणसाला अशी गाडी बहुधा मुंबई-पुण्याकडून, नाहीतर इंदूर किंवा सुरतेकडून मिळते. परराज्यातली असेल तर आधी तिथल्या आरटीओची नमुना २८ मधली एनओसी हवी. ती घेऊनच गाडी हलवा. बऱ्हाणपूर किंवा नवापूर ओलांडून गाडी घरी आली आणि एनओसी मागे राहिली की पाठपुरावा फार जड जातो. मग राहत्या पत्त्याप्रमाणे जळगाव (एमएच १९), धुळे (एमएच १८) किंवा नंदुरबार (एमएच ३९) अशा आपल्या भागाच्या आरटीओत नमुना २९ च्या दोन प्रती, नमुना ३०, आरसी, विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चेसीस नंबरचा पेन्सिल प्रिंट. परराज्याचा नंबर बदलण्यासाठी नमुना २७, आणि इथला रस्ता कर. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा असेल तर तो तिकडेच मागायचा. कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. गाडी आधीच व्हिंटेज म्हणून नोंदलेली असेल, तर दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला ९० दिवसांत कळवायचे असते.

जुन्या गाड्यांचे काम अडते ते मात्र दोन ठिकाणी, आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. पहिले, गाडीची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत नसणे. हातानं लिहिलेल्या रजिस्टरातल्या गाड्या संगणकावर आल्याच नाहीत, तर ऑनलाइन अर्ज उघडतच नाही. तेव्हा मूळ कार्यालयातून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती विकणाऱ्याने पैसे मिळण्याआधी करून द्यावी असा आग्रह धरा. परिवहन पोर्टलवर नंबर टाकून पाहिला की हे दोन मिनिटांत कळते.

दुसरे, आरसीवरचा मालक हयात नसणे. वाड्याच्या मागच्या शेडमध्ये आजोबांच्या नावाची गाडी उभी असते आणि नातू ती विकायला काढतो. नातवाची सही चालत नाही. आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर गाडी करावी लागते: मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची संमती. त्यानंतरच विक्री. आत्या, काका, बाहेरगावी दिलेल्या बहिणी या सगळ्यांच्या सह्या गोळा व्हायला वेळ लागतो, पण त्या टाळून केलेला सौदा पुढे कोर्टात जाऊ शकतो. आरसी हरवले असेल तर पोलिसांचा दाखला जोडून नमुना २६ ने दुय्यम प्रत काढता येते.

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि अशा गाडीच्या मालकीवर उद्या प्रश्न आला तर बँकेची नोंदच कामी येते.

रॅलीचे कागद वेगळे

विकणारा ‘एचटीपी आहे’ असे सांगतो. हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट हा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ एफआयए च्या ‘अपेंडिक्स के’ नियमांखालचा कागद. गाडी आपल्या काळातल्या तांत्रिक तपशिलाशी जुळते, एवढेच तो सांगतो. मालकी, नोंदणी किंवा गाडीचा खरा इतिहास यांची हमी तो देत नाही. १९६२ ते १९६५ च्या गाड्या ‘एफ’ कालखंडात येतात, १९६६ ते १९६९ च्या ‘जी१’ मध्ये. आपल्याकडे हे काम भारतीय मोटार क्रीडा संघ, म्हणजे एफएमएससीआय मार्फत चालते: अर्ज, गाडीचे सर्व बाजूंचे फोटो, होमोलोगेशनचे (ते मॉडेल स्पर्धेसाठी मान्य झाल्याचे) कागद, मग तपासनीसाची पाहणी. स्पर्धकाचा परवानाही तिथूनच. पासपोर्टची मुदत बघा, आणि सीट, पट्टे, अग्निशामक यांवर छापलेल्या मुदती स्वतः वाचा. त्या उलटून गेल्या असतील तर स्पर्धेची ‘पूर्ण तयार’ गाडी छाननीत बाद होते.

सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत घ्यायला राज्य सरकारची लेखी परवानगी लागते, ती आयोजकाने घेतली आहे का हे नाव नोंदवताना विचारा. तोरणमाळच्या घाटात मित्रामित्रांनी घड्याळ लावून गाड्या पळवणे हा कलम १८९ खालचा गुन्हा आहे, एचटीपी असला तरी.

विमा शेवटी येतो पण पहिल्या दिवसापासून लागतो. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा, आणि गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला बदल कळवायचा. जुन्या गाडीची घसारा धरून काढलेली किंमत नगण्य येते, म्हणून दोघांनी मान्य केलेल्या रकमेची पॉलिसी मागा आणि तिच्यासाठी मूल्यांकनाचा दाखला तयार ठेवा. स्पर्धेतले नुकसान साध्या पॉलिसीत धरले जात नाही. रॅलीसाठी आयोजकाचे विमा संरक्षण कुठपर्यंत आहे ते नियमपुस्तिकेतून बघून घ्या, आणि केज, सीट, कार्बोरेटर यांची यादी पॉलिसीला जोडा.