घाट चढून आलेला मासा आणि ओव्हनची आच

बेळगावात समुद्राचा मासा येतो तो चोर्ल्याचा नाहीतर आंबोलीचा घाट चढून. बर्फात असला तरी प्रवासाचे तास त्याला लागतातच. म्हणून आमच्याकडे वास जावा यासाठी मासा जास्त वेळ भाजायची सवय आहे. आई अजूनही म्हणते, "अगं, आणखी पाच मिनिटं असू दे." त्या पाच मिनिटांत सुरमई चोथा होते आणि वास तसाच राहतो.

तो वास ट्रायमिथाइलअमाइनचा. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखायला ते कामी येतं. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून हा वासाचा पदार्थ तयार करतात. तो अल्कधर्मी आहे. आंबटाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. आपल्या बायकांनी माशाला आमसूल, चिंच, लिंबू लावलं ते किती नेमकं! रोहू-कटल्याला कधी मातकट वास येतो तो जिओस्मिनचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच. तोही आंबटाने उतरतो. मासा नासलेला असेल तर मात्र आंबट लावू नका, टाकूनच द्या.

आता आच. पाणी माशाचं वजन पेलतं, त्यामुळे त्याच्या मांसात बकऱ्यासारखे चिवट धागे फारसे नसतात. आखूड तंतूंचे थर आणि त्यांच्यामध्ये कोलॅजेनचे पातळ पडदे, एवढंच. हे पडदे 50 अंशांच्या आसपासच विरघळू लागतात, म्हणून शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात. 60 च्या पुढे तंतू आकसून आतलं पाणी पिळून काढतात. तुकड्यावर पांढरा साका दिसला की तो बाहेर आलेल्या प्रथिनांचा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मासा आतून 63 अंशांपर्यंत शिजवायला सांगतं, तिथंच थांबावं.

भाजण्याआधी काटे काढलेले तुकडे फडक्याने अगदी कोरडे टिपा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच, इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. तुकडा ओला आहे तोवर त्याचा पृष्ठभाग त्याच्या वर तापत नाही, आणि खमंग तांबूस रंग झपाट्याने चढायला 140 च्या आसपास आच लागते. मीठ पंधरा मिनिटं आधी लावा, साका कमी सुटतो. ओव्हन आधीच 200 अंशांवर तापलेला हवा. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला दहा-बारा मिनिटं पुरतात. सुरी टोचून पाहा: मधला भाग काचेसारखा न राहता दुधाळ झाला, पाकळी सुटली, की बाहेर काढा.

तेवढ्यात सॉस होतो. तेलात ठेचलेला लसूण पिवळा करायचा, हिरवी मिरची टाकायची, गॅस बंद करून दोन चमचे कोकमाचं आगळ. आगळ खारट असतं, वेगळं मीठ नको. आंबट आधी लावून मासा फार वेळ ठेवला तर आम्लानेच प्रथिनं घट्ट होतात, म्हणून हा सॉस ताटात वाढताना, गरम तुकड्यावर ओतायचा.