साक्षीदाराचं ‘हाच तो’ कशाचं बनलेलं असतं?

‘त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.’ कोर्टात साक्षीदारानं असं म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या मनातला खटला तिथंच निकाली निघतो. चक्षुर्वै सत्यम्! साक्षीदार प्रामाणिक आहे, त्यानं चेहरा जवळून पाहिलाय, त्याला खात्री आहे, मग चूक होईलच कशी? हा समज इतका खोलवर रुजलाय की त्यापायी निरपराध माणसांनी तुरुंगात उभं तारुण्य घालवलंय.

१९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका तरुणीवर बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिनं हल्लेखोराचा चेहरा लक्षपूर्वक, ठरवून पाहून ठेवला. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून तिनं काही मिनिटं विचार करून रोनाल्ड कॉटनचा फोटो निवडला. नंतरच्या ओळख परेडमध्येही, म्हणजे संशयिताला इतर माणसांच्या रांगेत उभं केल्यावरही, त्यालाच ओळखलं. मात्र फोटोंमध्ये आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. तू बरोबर माणूस निवडलास, असं पोलिसांकडून कळल्यावर तिची उरलीसुरली शंकाही मिटली. पुढं खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा ‘याला मी कधी पाहिलेलंच नाही’ असं तिनं सांगितलं. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ मध्ये डीएनए तपासणीमुळे कॉटन निर्दोष ठरला. ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती.

हे प्रकरण अपवाद नाही. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत साक्षीदारानं चुकीचा माणूस ओळखलेला होता.

प्रकाश कमी होता, अंतर जास्त होतं, हातातल्या शस्त्रावरच नजर खिळली होती, या गोष्टी घडून गेलेल्या असतात आणि पोलिसांना त्या बदलता येत नाहीत. ओळख परेड कशी घ्यायची, हे मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात असतं. मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये ही विभागणी मांडली आणि संशोधनाचा रोख दुसऱ्या भागाकडे वळवला.

मला यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो ‘हाच तो’ हा निर्णय डोक्यात कसा तयार होतो हा. कोणताही चेहरा समोर आला की ओळखीची एक जाणीव उमटते, कधी क्षीण, कधी तीव्र. पूर्वी पाहिलेल्या चेहऱ्याला ती सहसा तीव्र असते, पण कधीच न पाहिलेल्या चेहऱ्यालाही ती शून्य नसते, कारण चेहरे एकमेकांसारखे असतात. गुन्हेगारांच्या चेहऱ्यांनी जागवलेल्या जाणिवेचा एक घंटाकृती आलेख काढा आणि निरपराध चेहऱ्यांचा दुसरा. हे दोन आलेख एकमेकांत शिरलेले असतात. साक्षीदार नकळत कुठंतरी एक उंबरठा ठरवतो आणि जाणीव त्याच्या वर गेली की ‘हाच तो’ म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात रडारवरचा ठिपका विमानाचा आहे की नुसता गोंगाट, हे ठरवणाऱ्यांच्या चुका समजून घेण्याच्या गरजेतून या गणिताला चालना मिळाली. याला सिग्नल डिटेक्शन थिअरी म्हणतात.

म्हणजे साक्षीदाराच्या होकारात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: आठवण किती पक्की आहे आणि उंबरठा किती खाली आहे. ‘आम्ही त्याला पकडलंय, जरा नीट बघा’ असं कुणी म्हटलं की आठवण तसूभरही सुधारत नाही, फक्त उंबरठा खाली येतो.

उंबरठ्याबरोबरच तुलनाही काम करत असते. वेल्स यांच्या १९९३ मधल्या एका प्रयोगात लोकांसमोर खोटा गुन्हा घडवून आणला आणि नंतर त्यांना सहा चेहरे दाखवले. गुन्हेगार त्यात होता तेव्हा ५४ टक्के लोकांनी त्याला निवडलं आणि २१ टक्क्यांनी कुणालाच निवडलं नाही. दुसऱ्या गटाला दाखवताना गुन्हेगाराचा चेहरा काढून घेतला, बाकीचे पाच तसेच ठेवले. आता ते ५४ टक्के ‘यात तो नाही’ म्हणतील, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात कुणालाच न निवडणारे २१ वरून फक्त ३२ टक्क्यांवर गेले. बाकीच्यांनी उरलेल्यांतला सर्वांत मिळताजुळता चेहरा उचलला. म्हणूनच ‘गुन्हेगार यात असेलच असं नाही’ हे साधं वाक्य परेडच्या आधी सांगणं इतकं महत्त्वाचं आहे.

परेडमध्ये संशयितासोबत जी निरपराध माणसं उभी करतात, त्या डमींचं खरं कामही इथं कळतं. सहा जणांत एक संशयित असेल आणि साक्षीदार नुसताच अंदाज बांधत असेल, तर सहापैकी पाच वेळा बोट डमीवर जाईल. डमी निरपराध असल्याचं आधीच माहीत असल्यानं त्याचं नुकसान होत नाही, आणि या साक्षीदाराची आठवण भरवशाची नाही हेही उघड होतं. संशयिताला एकटाच उभा करून ‘हाच का?’ विचारलं, तर हे संरक्षण पूर्ण नाहीसं होतं. पण डमी साक्षीदाराच्या वर्णनात बसणारे हवेत. त्यानं दाढीवाला तरुण सांगितला आणि दाढी एकट्या संशयितालाच असली, तर ती परेड नावापुरतीच उरते. उलट डमी संशयिताची हुबेहूब नक्कल असले, तर खरा गुन्हेगारही ओळखू येणार नाही.

मग चेहरे एकत्र दाखवावेत की एकेक करून? १९८५ मध्ये लिंडसे आणि वेल्स यांनी दाखवलं की एकेक करून दाखवल्यास चुकीच्या ओळखी कमी होतात, कारण तुलना करता येत नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी ही पद्धत उचललीही. पुढं मानसशास्त्रज्ञ जॉन विक्स्टेड आणि लॉरा मिकस यांनी आरओसी आलेख वापरून वेगळाच प्रश्न विचारला: चुकीच्या ओळखींबरोबर बरोबर ओळखीही कमी होत असतील, तर हा नुसता उंबरठा वर सरकल्याचा परिणाम नाही का? आरओसी आलेखात प्रत्येक उंबरठ्यासाठी चुकीच्या ओळखींचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि बरोबर ओळखींचं उभ्या अक्षावर मांडतात. उंबरठा बदलला तर बिंदू त्याच वक्रावर सरकतो. ओळखण्याची क्षमता खरोखर वाढली तरच वक्र स्वतः वर उचलला जातो. त्यांच्या मते चेहरे एकत्र पाहताना सगळ्यांत समान असलेली वैशिष्ट्यं, उदाहरणार्थ दाढी, निरुपयोगी असल्याचं साक्षीदाराच्या लक्षात येतं. मग तो नाकाच्या ठेवणीसारख्या फरक दाखवणाऱ्या खुणांवर लक्ष देतो, आणि त्यामुळे एकत्र दाखवण्याची पद्धत सरस ठरू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं २०१४ च्या अहवालात दोन्हींपैकी कोणत्याच पद्धतीच्या बाजूनं कौल दिला नाही. मला तेच योग्य वाटतं.

परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं, यावर मात्र संशोधकांचं एकमत आहे. माहीत असेल तर एखादी नजर, थोडं रेंगाळणं, ‘घाई नको, पुन्हा बघा’ असं सहज बोलणंही पुरतं. १९९८ मध्ये वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी चुकीचा माणूस निवडलेल्यांपैकी काहींना ‘छान, संशयित बरोबर ओळखलात’ एवढंच सांगितलं. त्यानंतर त्यांची खात्री वाढलीच, शिवाय आपण चेहरा जास्त स्पष्ट पाहिला होता आणि जास्त लक्ष दिलं होतं, असंही ते सांगू लागले. म्हणून खात्री किती, हे त्याच क्षणी, साक्षीदाराच्याच शब्दांत नोंदवायला हवं. त्या पहिल्या खात्रीला खरोखर किंमत असते, महिन्यांनंतर कोर्टात दाखवलेल्या खात्रीला फारशी नाही. कायद्याचे अभ्यासक ब्रँडन गॅरेट यांनी डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांचे, चुकीच्या ओळखीचे १६१ खटले तपासले. त्यांतल्या ५७ टक्क्यांत साक्षीदार सुरुवातीला डळमळीत होते, कोर्टात मात्र ठाम झाले. भारतीय कायद्यात कोर्टातली ओळख हा मूळ पुरावा आणि परेड ही त्याला पुष्टी देणारी मानतात. स्मरणशक्तीच्या शास्त्रानुसार मात्र वजन नेमकं उलट हवं.

चेहरा दाखवला की आठवण बदलते. एकदा पाहिलेला संशयित दुसऱ्यांदा ओळखीचा वाटणारच, मग तो गुन्हेगार असो वा नसो. एका संशयितासाठी एका साक्षीदाराची चाचणी एकदाच घ्यावी, हा नियम त्यातूनच आला. संमोहनानं ‘आठवण ताजी’ करणाऱ्यांवरही म्हणूनच विश्वास ठेवू नये. संमोहनानं खात्री वाढते, अचूकता वाढत नाही.

आता चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर हा प्रश्न संपवतील, असा गाजावाजा सुरू आहे. प्रत्यक्षात धोका वाढलाय. लाखो फोटोंमधून सॉफ्टवेअर गुन्हेगाराशी सर्वांत मिळताजुळता माणूस शोधून देतं. तोच फोटो साक्षीदारापुढं ठेवला, की साक्षीदाराची तुलनाही त्याच्याकडेच बोट दाखवते. दोन पुरावे जुळल्यासारखे दिसतात, पण दुसरा पहिल्यातूनच आलेला असतो. डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध माणसाला अशाच रीतीनं अटक झाली. फोटोंमधून त्याला ओळखणाऱ्या व्यक्तीनं चोरी प्रत्यक्ष पाहिलीही नव्हती, फक्त कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं होतं. २०२४ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी मान्य केलं की सॉफ्टवेअरनं सुचवलेलं नाव आणि त्यापाठोपाठ घेतलेली फोटोंवरची ओळख, एवढ्याच आधारावर यापुढं कुणालाही अटक होणार नाही.