ल्युकेमियाच्या उपचारात तरुण पेशंटना होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या

अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, हा लहान मुलांमधला सगळ्यात कॉमन ब्लड कॅन्सर. त्याची केमो चालू असताना शिरेत गुठळी होणं तसं दुर्मिळ नाही, आणि दहाच्या पुढची मुलं नि विशीतले पेशंट यांच्यात ते जास्त दिसतं, बरेचदा इंडक्शनच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याच्या, पहिल्या काही आठवड्यांतच. प्लेटलेट एवढ्या खाली असताना गुठळी कशी, हे घरच्यांना कोडंच वाटतं, पण रक्त गोठणं-न गोठणं नुसत्या प्लेटलेटवर नसतं, लिव्हरमध्ये बनणारी प्रोटीन्सही त्यात असतात.

कारण शोधताना बोट आधी ॲस्पॅराजिनेज या केमोमधल्या औषधाकडे जातं. १९५३ मध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या सीरमने उंदरांमधला लिम्फोमा मागे हटताना दिसला, मग १९६१ मध्ये ब्रूम यांनी त्यामागे हे एन्झाइम असल्याचं दाखवलं, आता ते ई. कोलाय किंवा अर्विनिया बॅक्टेरियापासून काढतात. ते रक्तातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो ॲसिड संपवतं म्हणून कॅन्सरपेशी उपाशी मरतात, पण लिव्हरचंही प्रोटीन बनवणं मंदावतं. गोठणं रोखणारं अँटिथ्रॉम्बिन कमी होतं, गोठायला लागणारं फायब्रिनोजेनही कमी होतं, म्हणून एकाच पेशंटला गुठळी आणि रक्तस्राव दोन्हींची भीती.

खरा वाद रक्त जास्त गोठवणाऱ्या जन्मजात दोषांचा. १९९९ मधल्या एका जर्मन अभ्यासात फॅक्टर फाइव्ह लायडनसारखे दोष असलेल्या मुलांना गुठळ्या कितीतरी जास्त झाल्या, पण बाकी अनेक ठिकाणी हा संबंध इतका ठळक दिसला नाही. जर्मन प्रोटोकॉलमध्ये ॲस्पॅराजिनेजसोबतच प्रेडनिसोन हे स्टेरॉइड चालू असायचं, त्यामुळे फरक पडला असावा असं काहींचं म्हणणं, आणि ते जास्त पटतं: ॲस्पॅराजिनेज, स्टेरॉइड आणि औषध द्यायला शिरेत बसवलेली नळी (छातीतला पोर्ट किंवा हातातली पिक लाइन) यांची ही बेरीज असावी. शिवाय लायडनचा दोष भारतीयांत तसाही विरळच. २००६ मध्ये १७ अभ्यासांतली १७५२ मुलं एकत्र मोजली तेव्हा गुठळ्यांचं प्रमाण साधारण ५.२ टक्के निघालं. मात्र गुठळी मुद्दाम स्कॅन करून शोधली तर आकडा बराच वर जातो, कारण काही गुठळ्या गुपचूप असतात.

लाइनच्या बाजूचा हात किंवा मान सुजते. मेंदूच्या शिरेत झाली तर डोकेदुखी, उलट्या, फिट्स (केमोसाठी पाठीच्या कण्यात दिलेल्या सुईनंतरही डोकं दुखतंच, त्यामुळे इथे चुकायला वाव).

उपचार म्हणजे सहसा एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं, पाठीत सुई असेल तर आधी डोस थांबवायचा, प्लेटलेट ५० हजारांखाली असतील तर डोसाचा पुन्हा विचार करायचा. आधीच बचाव म्हणून ॲपिक्साबॅन हे त्याच कामाचं औषध द्यावं का, यावर ५१२ मुलांची ट्रायल झाली. २०२४ च्या निकालात गुठळ्या औषध घेतलेल्यांत १२, न घेतलेल्यांत १८ टक्के, पण फरक संख्याशास्त्राने ठोस ठरला नाही, लठ्ठ मुलांत फायदा दिसला. गुठळी आटोक्यात आली की ॲस्पॅराजिनेज बरेचदा पुन्हा सुरू करतात, कारण ते कायमचं सोडलं तर कॅन्सर परतण्याची भीती.