कडक ऊन म्हणजे जास्त वीज?

‘ऊन जितके कडक, तितकी सौर पॅनेलची वीज जास्त’ हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे आणि तो पटण्यासारखाही आहे, कारण प्रकाश आणि उष्णता आपल्या अनुभवास जोडीनेच येतात. प्रत्यक्षात पॅनेल वीज बनवते ती प्रकाशापासून. सिलिकॉन पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की दर अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.५ टक्क्याने घटते. पडताळ्यासाठी जोडणी सोडवलेले पॅनेल झाकून थंड होऊ द्यावे, भर उन्हात कापड काढताच मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहावे आणि २० मिनिटांनी पुन्हा पाहावे. ऊन तेच असूनही आकडा उतरलेला दिसतो. उलट थंडीतल्या स्वच्छ सकाळी व्होल्टेज चढते, म्हणून वीजवाहिनीपासून दूरच्या घरासाठी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) त्याच चढलेल्या आकड्यावरून निवडावा लागतो.